१.२० म्हणजे नक्की किती?

आजचा विषय मोजमापांचा. परंपरागत मापं, इंग्रजी मापं आणि मेट्रिक मापं यांत फरक काय, असा प्रश्न या मालिकेच्या श्रोत्यांकडून अनेकदा येतो. शाळेत आपण तक्ते पाठ केले, रूपांतरं केली, गुण मिळवले आणि विसरलो. मीही विसरलो होतो. मग आमच्या घरात एका आकड्यावरून दोन वर्षं अबोला झाला, तेव्हा हा विषय मला नव्याने शिकावा लागला. त्या आकड्यापासूनच सुरुवात करतो.

आमची गावाकडे थोडी जमीन आहे. वडील गावात राहिले, धाकटे काका नोकरीसाठी इंदूरला गेले आणि तिकडचेच झाले. दोघा भावांमध्ये १९५८ साली घरातल्या घरात वाटणी झाली होती. त्याची एक चिठ्ठी काकांच्या ट्रंकेत होती, त्यांच्याच अक्षरात: ‘माझा वाटा १.२०’. पुढे काही नाही. काका गेल्यानंतर ती चिठ्ठी माझ्या चुलतभावाच्या हाती लागली. त्याने गावाकडून सातबारा मागवला. त्यावर एकूण क्षेत्र होतं १.२१.

आता त्याच्या जागी बसून बघा. एकूण १.२१, त्यात वडिलांचा वाटा १.२०. म्हणजे जवळजवळ सगळी जमीन काकांची! मग इतकी वर्षं अर्धी जमीन आम्ही कशी काय कसली? त्याचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त लागलं. “दादा, कागद तर साफ बोलतोय ना?” एवढंच म्हणाला. मीही चिडलो, नको ते बोललो. पुढची दोन वर्षं दिवाळीचा फोनसुद्धा नाही.

चूक त्याची नव्हती, चिठ्ठीची नव्हती आणि सातबाऱ्याचीही नव्हती. चिठ्ठीतला आकडा एकर-गुंठ्यांत होता, सातबाऱ्यावरचा हेक्टर-आरमध्ये. १.२० म्हणजे १ एकर २० गुंठे. चाळीस गुंठ्यांचा एक एकर, म्हणजे हे झाले साठ गुंठे, दीड एकर. आणि सातबाऱ्यावरचं १.२१ म्हणजे १ हेक्टर २१ आर, म्हणजेच ३ एकर. तीन एकरांचा निम्मा हिस्सा दीड एकर. सगळं जिथल्या तिथे होतं. योगायोग एवढाच की आमच्या जमिनीचा निम्मा हिस्सा एकर-गुंठ्यांत लिहिला की तो हेक्टरमधल्या सबंध जमिनीसारखा दिसतो.

हे माझ्या लक्षात आलं तेव्हा आधी स्वतःचाच राग आला. मग कागद, पेन्सिल आणि एक जुनी फूटपट्टी घेऊन मी इंदूरची गाडी पकडली. तिथे काकूंच्या स्वयंपाकघरात बसून त्याला जे सांगितलं, तेच आज तुम्हाला सांगतोय.

पहिली गोष्ट मी त्याला ही सांगितली की १.२० हा आकडा कोण वाचतो यावर त्याची जमीन लहान-मोठी होते. बेळगावातल्या मराठी माणसाला दाखवा. कर्नाटकातला जमिनीचा उतारा एकर-गुंठ्यांत असतो, तो म्हणेल ‘साठ गुंठे’. तंजावर किंवा चेन्नईच्या मराठी माणसाला दाखवा. तिकडे एकराचे शंभर भाग करतात, त्याला सेंट म्हणतात. तो वाचेल १ एकर २० सेंट, म्हणजे गुंठ्यांत अठ्ठेचाळीस. आणि मध्य प्रदेशात खसऱ्याची नोंद हेक्टरमध्ये, म्हणून माझा चुलतभाऊ वाचणार १ हेक्टर २० आर, म्हणजे एकशे साडेअठरा गुंठे. चिठ्ठी एक, भाषा एक, आणि जमीन ४८, ६० किंवा ११८! मराठी माणूस देशभर पसरलेला आहे, त्यामुळे हा घोळ आपल्या घरांत व्हायची शक्यता इतरांपेक्षा थोडी जास्तच.

मग चुलतभावाने रास्त प्रश्न विचारला. ही इतकी मापं ठेवलीच कशाला?

ती कुणी एका दिवशी ठेवली नाहीत. आपल्या जुन्या मापांचा पाया शरीर आणि धान्य. बोट, वीत, हात. सोन्यासाठी गुंजेचं बी. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. जमिनीला काठी. आपल्याकडे काठी होती पाच हात पाच मुठींची. वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा. आता ‘हात’ कोणाचा, हा प्रश्न तुम्ही विचारालच. ज्या गावात ज्याचा हात मान्य, त्याचा. गावापुरता व्यवहार होता तोवर त्यात फारसं बिघडत नव्हतं, कारण घेणारा आणि देणारा दोघंही त्याच काठीने मोजत होते.

धान्याची मापं बघा. दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली, सोळा पायल्यांचा मण. दोन, दोन, दोन, चार, सोळा. सगळं दुपटीने चाललंय. रुपयाचे आणे सोळा, शेराचे छटाक सोळा. मी लहानपणी समजत असे की हे अडाणीपणाचं लक्षण आहे, दहाच्या पटीत मोजायचं यांना सुचलं नाही. तसं अजिबात नाही. दहाच्या पटीत आकडे लिहिण्याची पद्धत तर आपल्याच देशातली. मग मापं दुपटीत का? कारण बाजारात निम्मं करणं सगळ्यांत सोपं आणि सगळ्यांत प्रामाणिक. धान्याच्या ढिगाचे दोन सारखे ढीग करायला वजनाची गरज लागत नाही. तराजूच्या दोन पारड्यांत टाका, काटा मध्ये आला की झालं. पुन्हा निम्मं, पुन्हा निम्मं. ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्यालाही ते डोळ्यांनी तपासता येतं. दहाचे निम्मे पाच, पाचाचे निम्मे अडीच, त्याचे सव्वा, आणि तिथून पुढे अडकलात. सोळा मात्र थेट एकापर्यंत निमूटपणे निम्मे होत जातात.

त्यामुळेच आपल्या भाषेत पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच यांना स्वतंत्र शब्द आहेत. पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वाकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकी. माझ्या वडिलांना हे सगळे पाढे येत. मला औटकी येत नाही. माझ्या मुलीला तो शब्दच माहीत नाही. तिला त्याची गरज नाही हे मान्य, पण ती बुद्धीची केवढी मोठी हत्यारं होती हे सांगायला हवं.

या मापांची खरी दुखरी जागा वेगळी होती. नाव एक आणि माप गावोगाव वेगळं. इंग्रजांच्या काळातल्या नोंदी बघा. मुंबईचा मण २८ पाउंडांचा, म्हणजे जेमतेम पावणेतेरा किलो. मद्रासचा मण २५ पाउंडांचा. आणि बंगालचा मण ८२ पाउंडांहून थोडा जास्त, म्हणजे सव्वासदतीस किलोंच्या वर. मुंबईच्या व्यापाऱ्याने कलकत्त्याला शंभर मण मागवले तर मुंबईच्या हिशेबाने जवळजवळ तीनशे मण यायचे! ठरवताना ‘कुठला मण’ हे बोललं नाही तर कोणीतरी बुडालाच.

बिघ्याचं तर आजही तेच आहे. बंगालचा बिघा १४,४०० चौरस फुटांचा. आसामचाही तेवढाच. वाटलं ना, निदान इथे तरी एकमत झालं? पण बंगालात बिघ्याचे कठ्ठे वीस आणि आसामात पाच. म्हणजे आसामातला एक कठ्ठा हा बंगालातल्या चार कठ्ठ्यांएवढा. गुवाहाटीत आणि कोलकात्यात घरं घेणाऱ्या मराठी मंडळींनी हे वाक्य दोनदा वाचावं.

आता इंग्रजी मापांकडे येतो. आपण समजतो की इंग्रजांनी आपली मापं काढून टाकून त्यांची लादली. तसं झालं नाही. त्यांनी बहुतेक ठिकाणी आपलं नाव ठेवलं आणि आतला मजकूर बदलला. १८३३ साली कंपनी सरकारने तोळा १८० ग्रेनचा ठरवला. ग्रेन हे त्यांचं सोन्या-चांदीचं वजन. दोन वर्षांनी आलेला रुपयाही बरोबर त्याच वजनाचा. ऐंशी तोळ्यांचा शेर, चाळीस शेरांचा मण. हिशेब करून बघितलात तर हा मण बरोबर १०० ट्रॉय पाउंडांचा भरतो. म्हणजे नाव मण, माणूस आपला, तराजू आपला आणि माप लंडनचं.

गुंठ्याची गोष्ट तर याहून मजेशीर. आपण गुंठा म्हणजे अस्सल गावरान माप समजतो. पण गुंठा आहे ३३ फूट गुणिले ३३ फूट. तेहतीसच का? १६२० च्या सुमारास एडमंड गंटर नावाच्या इंग्रज गणितज्ञाने जमीन मोजायला एक साखळी तयार केली, ६६ फूट लांबीची, शंभर कड्यांची. दहा चौरस साखळ्या म्हणजे एक एकर, असा सोपा हिशेब. १८३० च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून मुंबई इलाख्याची जमीन मोजणी सुरू केली. आपल्याकडच्या या मोजणीत साखळी आली अर्धी, ३३ फुटांची, आणि तिचे भाग पाडले सोळा. त्या भागांना नाव दिलं आणे! इंग्रजी साखळी आणि तिच्यावर देशी आण्यांच्या खुणा. ती साखळी चारी बाजूंनी लावली की झाला गुंठा, १०८९ चौरस फूट. चाळीस गुंठे, एक एकर.

ज्यांना क्रिकेट आवडतं त्यांच्यासाठी जाता जाता: खेळपट्टी २२ यार्डांची असते, म्हणजे ६६ फूट. तीही गंटरची साखळीच. दोन गुंठे एकाला एक लागून ठेवले की एका खेळपट्टीची लांबी. पंजाबकडे जमीन मरल्यांत मोजतात. एक मरला २७२.२५ चौरस फूट. गुंठ्याला चाराने भागा, तोच आकडा येतो. दोन्ही मापं एकाच इंग्रजी काठीतून निघालेली.

इतकं सांगून होईतो काकू आतून एक डबी घेऊन आल्या. त्यांच्या लग्नातल्या पाटल्या आणि सोबत पिवळी पडलेली पावती. पावतीवर ‘५ तोळे’. काकू म्हणाल्या, “अरे, तू मापांचंच बोलतोयस म्हणून विचारते. मागे एका दुकानात वजन केलं तर तो म्हणाला पावणेसहा तोळ्यांच्या वर आहे. इतकी वर्षं घातल्या, झिजायच्या सोडून वाढल्या कशा?”

वाढल्या नव्हत्या. पावतीवरचा तोळा ११.६६ ग्रॅमचा. पाच तोळे म्हणजे ५८.३ ग्रॅम. आजच्या सराफ बाजारात तोळा म्हणतात तो सरळ १० ग्रॅमचा, वर्तमानपत्रात भाव येतो तोही दहा ग्रॅमचाच. सोनं तेवढंच, तोळा लहान झाला. काकूंना दुकानदार सरळ भेटला. पण हाच हिशेब उलटा झाला असता तर? ‘पावतीवर पाच तोळे आहेत ना, मग हे घ्या पन्नास ग्रॅमचे पैसे’ असं कोणी म्हटलं आणि आपण मान डोलावली तर आठ ग्रॅमहून जास्त सोनं बोलण्याबोलण्यात गेलं. म्हणून जुना दागिना मोडताना तोळ्याचं नाव काढू नका. काट्यावरचे ग्रॅम बघा, ग्रॅमचाच भाव विचारा. काकूंनी लगेच डबी बंद केली. म्हणाल्या, मोडायच्या नाहीतच.

मेट्रिक पद्धतीबद्दल आपला समज असा की तिचं वैशिष्ट्य दहाचा पट. तो आहेच, पण तो अर्धाच फायदा. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीच्या काळात ही पद्धत तयार झाली तेव्हा त्यांनी मीटर पृथ्वीवरून घेतला. ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोटीवा भाग. हेतू हा की माप कोण्या राजाच्या हाताचं नको, कोणालाही मान्य होईल असं हवं. पुढे व्याख्या बदलत गेली. आज मीटर प्रकाशाच्या वेगावर आणि २०१९ पासून किलोग्रॅम प्लांकच्या स्थिरांकावर बांधलेला आहे. त्याआधी किलोग्रॅम म्हणजे पॅरिसजवळ ठेवलेला एक धातूचा दंडगोल होता. त्याची ५७ क्रमांकाची प्रत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत आहे.

खरा फायदा हा की इथे लांबी, आकारमान आणि वजन एकमेकांचे नातलग आहेत. दहा सेंटिमीटरच्या खोक्यात मावतं ते एक लिटर, आणि तेवढं पाणी म्हणजे एक किलो. शेतकऱ्यांसाठी उदाहरण देतो. आज १० मिलिमीटर पाऊस झाला. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तुमचं शेत एक हेक्टर, म्हणजे दहा हजार चौरस मीटर. तर शेतावर पडलं एक लाख लिटर. तोंडी झालं. आता तेच इंग्रजी मापांत करा. एक एकरावर एक इंच पाऊस म्हणजे ३,६३० घनफूट, म्हणजे साधारण २२,६०० गॅलन. तेही ब्रिटिश गॅलन. अमेरिकेचा गॅलन लहान, ३.७९ लिटरचा, ब्रिटिशांचा ४.५५ लिटरचा. मग अमेरिकी गॅलन झाले सत्तावीस हजारांवर. टनाचंही तसंच. ब्रिटिशांचा २,२४० पाउंडांचा, अमेरिकेचा २,००० पाउंडांचा, आणि मेट्रिक टन हजार किलोंचा. म्हणजे ‘इंग्रजी माप’ असं एकच काही नाही. त्या दोन देशांचंच आपसात जमलेलं नाही. आणि गंमत बघा, १९५९ पासून इंचाची व्याख्याच अशी आहे की एक इंच म्हणजे बरोबर २.५४ सेंटिमीटर. इंच आता मेट्रिकच्याच खांद्यावर उभा आहे.

भारताने बदल केला तो टप्प्याटप्प्याने. आधी नाणी. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नये पैसे झाले. तेव्हा एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस नये पैसे असा तक्ता होता. एकेक आणा सुटा मोडत गेलात तर सोळा आण्यांचे शहाण्णवच पैसे हाती यायचे, चार पैसे गायब! माझे वडील यावर शेवटपर्यंत बोलत. वजन-मापांचा कायदा १९५६ चा. अंमल १ ऑक्टोबर १९५८ पासून सुरू झाला आणि एप्रिल १९६२ पासून बाकीची मापं कायद्याने बंद झाली.

काकांची चिठ्ठी नेमकी १९५८ ची, हे आता लक्षात घ्या. त्या वेळी गावात ‘१.२०’ लिहिलं तर पुढे ‘एकर-गुंठे’ लिहायची गरजच नव्हती. दुसरा अर्थ असू शकतो हे कोणाच्या डोक्यातही आलं नसतं.

कायद्याने मापं बंद झाली, तोंडातून गेली नाहीत. कोणत्याही बांधकामावर जा. सिमेंटची गोणी ५० किलोंची, वाळू ब्रासमध्ये, म्हणजे शंभर घनफूट. सळई दुकानाच्या बिलावर १२ मिलिमीटर आणि गवंड्याच्या तोंडी ‘चार सूत’. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. फ्लॅटचं क्षेत्रफळ करारात चौरस मीटर, बोलण्यात चौरस फूट, दिल्लीत गज. नऊवारीला कोणी ‘सव्वाआठ मीटरी’ म्हणत नाही, म्हणूही नये. पावसाळ्यात वर्तमानपत्र उघडा. कोयना धरणाची क्षमता सुमारे १०५ टीएमसी, म्हणजे इतके हजार दशलक्ष घनफूट. विसर्ग क्यूसेकमध्ये, पाऊस मिलिमीटरमध्ये, आणि मराठवाड्याच्या पानावर धरणसाठा दलघमीत, म्हणजे दशलक्ष घनमीटर. एक टीएमसी म्हणजे २८.३२ दलघमी. पाण्याचे वाद राज्याराज्यांत चाललेले असताना आपल्यातल्या किती जणांना हे दोन आकडे शेजारी ठेवून तुलना करता येते? मलाही परवापर्यंत येत नव्हती.

मोठमोठ्या लोकांचंही हेच होतं. २३ जुलै १९८३ ला कॅनडात एअर कॅनडाचं एक बोइंग ७६७ विमान ४१,००० फुटांवर असताना त्याचं इंधन संपलं. विमानाला इंधन हवं होतं २२,३०० किलो. तेव्हा कॅनडा इंग्रजी मापांकडून मेट्रिककडे चालला होता आणि हे विमान नव्या पद्धतीतलं होतं. लिटरवरून वजन काढताना कर्मचाऱ्यांनी सवयीने जुना गुणक वापरला, पाउंडांचा. कागदावर आकडा बरोबर आला, २२,३००. फक्त ते पाउंड होते, म्हणजे निम्म्याहून कमी. कप्तान रॉबर्ट पिअरसन यांना ग्लायडर चालवायचा अनुभव होता. त्यांनी इंजिन बंद पडलेलं विमान तरंगत गिमली नावाच्या जुन्या हवाई तळावर उतरवलं. विमानातले सगळे ६९ जण वाचले.

चुलतभाऊ हे ऐकून बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “म्हणजे आमच्या विमानातही पाउंडच भरले होते.” मी म्हटलं, “तुझ्या एकट्याच्या नाही रे. मीही तेव्हा कागद न बघताच भांडलो.” काकूंनी चहा टाकला.

आता कामाचं. तुमच्या घरात अशी जुनी चिठ्ठी, वाटणीपत्र किंवा मृत्युपत्र असेल तर आधी त्यावरचं वर्ष बघा आणि लिहिणारा कुठल्या भागातला होता ते बघा. मग टिंबानंतरचा आकडा बघा. एकर-गुंठ्यांत गुंठे कधीच ३९ च्या पुढे जात नाहीत, कारण चाळीस झाले की पुढचा एकर. त्यामुळे कुठे १.६५ दिसलं तर ते एकर-गुंठे नक्कीच नाहीत. उलट आकडा ३९ च्या आत असेल तर काहीच सिद्ध होत नाही, दुसरा पुरावा शोधा. ‘१.५ एकर’ हे तर फारच घातक लिखाण आहे. एकाला तो दीड एकर वाटेल, दुसऱ्याला एक एकर पाच गुंठे. स्वतः लिहिताना टिंब देऊच नका. ‘एक एकर वीस गुंठे’ असं अक्षरात लिहा आणि कंसात चौरस मीटर टाका. सातबाऱ्यावर क्षेत्राच्या रकान्यात हे.आर.चौ.मी. असं लिहिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय खालचा आकडा वाचू नका.

आणखी एक. ‘आर म्हणजेच गुंठा’ असं गावोगाव सांगतात. जवळपास खरं आहे, पण पूर्ण खरं नाही. आर शंभर चौरस मीटरचा, गुंठा १०१.१७ चा. एका गुंठ्यात फरक नगण्य. एका एकरात तो ४७ चौरस मीटर होतो, म्हणजे पाचशे चौरस फूट. शेतात हे चालून जाईल. शहरालगतच्या प्लॉटमध्ये एवढ्यात एक छोटं घर बसतं. तिथे चालवून घेऊ नका.

पुढच्या उन्हाळ्यात चुलतभाऊ सहकुटुंब गावी आला. रीतसर मोजणी मागवली, दोघांच्या देखत दगड रोवले. मोजणीचा कागद हातात आल्यावर तो तिथेच बांधावर बसून मोबाइलवर गणित करू लागला. म्हणाला, “दादा, साठ गुंठे म्हणजे साठ पूर्णांक सत्तर आर ना? इथे माझे साठ पूर्णांक पन्नासच लिहिलेत. वीस चौरस मीटर कुठे गेले?”

मी त्याला कागदाच्या मागच्या बाजूला काढून दाखवलं. तीन एकर म्हणजे १ हेक्टर २१ आर आणि वर ४१ चौरस मीटर. जुन्या नोंदीची नवी नोंद होताना ते वरचे ४१ सुटले आणि सरळ १.२१ राहिलं. त्याचे निम्मे साठ पूर्णांक पन्नास. जमीन जागेवरच आहे, कागदावरचा आकडा तेवढा आखूड आहे. त्याने ते पुन्हा एकदा स्वतः करून बघितलं, मग मोबाइल खिशात टाकला आणि विचारलं, “आता हे आमच्याकडच्या बिघ्यांत सांग.”

“कुठल्या बिघ्यांत?” मी विचारलं.